ओटी, पगार, मानधन, मोबदला : हिंगोली जिल्ह्यातील सेवाकौशल्यांच्या शिक्षणाचा इतिहास

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती आणि तीपैकी सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत राहत होते. या खेड्यांतील बाळंतपणे, आजारपणे, लहान मुलांचे संगोपन आणि अक्षरओळख ज्यांच्या हातून पार पडत आली, त्या माणसांना, त्यातही स्त्रियांना, जिल्ह्याच्या रूढ इतिहासात जागा मिळालेली नाही. त्या इतिहासात संत नामदेवांचे म्हणून नरसी येते, औंढ्याचे ज्योतिर्लिंग येते, हिंगोलीची लष्करी छावणी आणि हैदराबादचा मुक्तिसंग्राम येतो; सुईण, नर्सबाई, अंगणवाडीताई आणि आशाताई येत नाहीत. त्यांना त्यांचे काम कोणी, कोठे, किती दिवसांत आणि कोणत्या भाषेत शिकवले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. शिकवण्याच्या प्रश्नाला मोलाचा प्रश्न चिकटलेला आहे, कारण ज्या शब्दाने समाज एखाद्या कामाचे मोल मोजतो, त्याच शब्दात त्या कामाला तो कौशल्य मानतो की नाही हेही सांगून जातो. ओटी, पगार, मानधन आणि मोबदला हे चार शब्द त्या दृष्टीने या इतिहासाचे चार थर आहेत.

सर्वांत जुना थर सुईणीचा. गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांना बलुत्याचा, म्हणजे सुगीच्या वेळी कुणब्याच्या खळ्यावरून ठरलेले धान्य उचलण्याचा हक्क होता. सुईण मात्र सामान्यतः या बलुतेदारांच्या यादीत नव्हती. ती बहुधा मांग, महार, न्हावी अशा समाजांतील वयस्क स्त्री असे आणि तिची कमाई प्रत्येक बाळंतपणापुरती असे. बाळ-बाळंतीण सुखरूप सुटली की तिच्या ओटीत धान्य, नारळ, खण पडे. ऐपतदार घरातून लुगडे मिळे. मुलगा झाला तर हात थोडा सैल सुटे आणि मुलगी झाली तर आखडे. हक्क आणि ओटी यांतील फरक येथे नीट पाहिला पाहिजे. हक्क मागता येतो, न दिल्यास पंचांपुढे भांडता येतो. ओटी मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. गावातील जिवावरचे काम ज्या व्यक्तीकडे होते, तिचेच मोल मर्जीवर सोडलेले होते.

याचे कारण विटाळाच्या कल्पनेत होते. नाळ कापणे, वार पुरणे, बाळंतिणीचे कपडे धुणे ही कामे अपवित्र मानली गेल्यामुळे ती कौशल्याची असूनही कौशल्य म्हणून गणली गेली नाहीत. वास्तविक सुईणीचे ज्ञान लहान नव्हते. पोटावरून हात फिरवून मूल आडवे आहे की सरळ हे ओळखणे, पायाळू मूल सोडवणे, वार पडायला उशीर झाल्यास काय करायचे आणि काय करायचे नाही हे जाणणे, बाळंतिणीचा शेक, बाळाचे न्हाणे आणि पाचव्या दिवशीच्या सटवाईच्या पूजेपर्यंत घर सांभाळणे, एवढा सगळा अभ्यासक्रम ती सासूकडून किंवा आईकडून, पाहत-पाहत आणि हाताखाली राबत शिकत असे. या ज्ञानाला जशी खोली होती तशीच जीवघेणी उणीवही होती: नाळ ज्या विळ्याने कापली जाई त्याच्यातून, किंवा नाळेवर लावलेल्या राखेतून, धनुर्वात बाळाच्या अंगात शिरे, आणि आठवड्याभरात दगावलेल्या मुलाचा दोष सटवाईच्या माथी जाई. जुन्या सुईणीचा गौरव करणारे आणि तिला सरसकट अडाणी ठरवणारे, असे दोन्ही पक्ष तिची अर्धीच बाजू सांगतात.

पंतोजीची गोष्ट यापेक्षा सोपी होती. गावातील जोशी-कुलकर्ण्यांपैकी कोणी ओसरीवर धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेई, उजळणी-पावकी पाठ करवून घेई आणि पालकांकडून धान्य किंवा थोडे पैसे घेई. शिकवणे कसे करावे हे त्याला कोणी शिकवलेले नसे. मुलींचा प्रश्न तेथे उद्भवतच नव्हता. हिंगोली तेव्हा ज्यात मोडे त्या निजामाच्या हैदराबाद राज्यात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर लिहिता-वाचता येणाऱ्या स्त्रिया शंभरात एकही भरत नव्हत्या, आणि पुढे ज्या कामांसाठी शिकलेल्या स्त्रिया हव्या होत्या ती कामे एवढा काळ का रखडली याचे उत्तर बरेचसे या आकड्यात आहे.

राज्यसंस्थेने पगारावर नेमलेला, शिकून तयार झालेला सेवक हिंगोलीने प्रथम पाहिला तो बहुधा छावणीच्या निमित्ताने. हैदराबाद कंटिंजंट म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसलेली परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची फौज. तिच्या ठाण्यांमध्ये बोलारम, औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई) यांच्याबरोबर हिंगोलीही होते. या फौजेच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, १९०२ मध्ये तो त्यांना कायमच्या पट्ट्याने मिळाला आणि त्यानंतर कंटिंजंटचे स्वतंत्र अस्तित्व संपून १९०३ मध्ये हिंगोलीची छावणीही उठली. लष्करी छावणी म्हटली की दवाखाना, शल्यवैद्य आणि त्याचे मदतनीस आलेच; पण ते फौजेसाठी होते, आणि छावणीबरोबर आले तसे छावणीबरोबर गेले. बाहेरून आलेले कौशल्य गावात न रुजताच निघून जाण्याचा हा प्रकार पुढेही अनेकदा घडला.

हैदराबाद शहरात १८४६ मध्येच वैद्यकीय शाळा निघाली होती आणि तेथे प्रारंभी उर्दूतून शिकवले जाई, ही त्या काळाच्या मानाने धाडसाची गोष्ट होती. १८८० च्या दशकात या शाळेचे माध्यम इंग्रजी झाले आणि तिच्यात स्त्रियांनाही प्रवेश मिळू लागला. तरीही हिंगोलीच्या मराठी बोलणाऱ्या शेतकरी कुटुंबातील मुलाला, मुलीची तर गोष्टच नको, ही शाळा दुहेरी दूर होती: अंतराने दूर आणि भाषेनेही दूर. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा जो प्रयोग केला त्याचे कौतुक देशभर झाले, परंतु ती देशी भाषा उर्दू होती, आणि राज्यातील बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कानडी होती. खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे. त्यामुळे शिक्षक, परिचारिका किंवा आरोग्यसेवक होण्यासाठी जी प्राथमिक पायरी लागते, ती मराठीतून चढण्याची वाटच मराठवाड्यात अरुंद राहिली.

त्याच काळात पश्चिमेकडे काय चालले होते हे पाहिले म्हणजे अंतर ध्यानात येते. पुण्यात मुलींसाठी अध्यापिका तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज १८७० मध्ये निघाले. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये उभारलेल्या पुण्याच्या सेवासदनाने अध्यापिकांबरोबर परिचारिका आणि सुईणी तयार करण्याचे काम हाती घेतले, आणि ससून रुग्णालयात मराठी घरांतल्या, त्यातही विधवा झालेल्या, स्त्रिया परिचारिकेचा पोशाख घालून उभ्या राहिल्या. लेडी डफरिन यांच्या नावाने १८८५ मध्ये उभा राहिलेला निधी स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेसाठी, तर १९०३ चा व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी खास दायांच्या प्रशिक्षणासाठी होता. हिंगोलीच्या उत्तरेला पैनगंगा ओलांडली की इंग्रजी अंमलाखालचा वऱ्हाड लागे. तेथेही खेडे खेडेच होते, परंतु शाळेची आणि दप्तराची भाषा मराठी होती, एवढ्या एका गोष्टीने पुढच्या दोन पिढ्यांचा फरक पडला.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. या घडामोडींच्या मध्येच, २ ऑक्टोबर १९५२ रोजी, देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि तिच्यासोबत प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना गावपातळीवर उतरू लागली. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात या कल्पनेचा आराखडा होता. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे आली. हिंगोली हा तेव्हा परभणी जिल्ह्यातील तालुका होता, म्हणून येथल्या शिक्षकाची बदली, नर्सबाईची नेमणूक आणि त्यांची प्रशिक्षणे या सगळ्यांची दोरी परभणीच्या हाती राहिली.

या काळातील आरोग्यसेवक एकेका रोगाचा होता. देवीची लस टोचणारा वेगळा, हिवतापासाठी भिंतींवर डीडीटी फवारणारा वेगळा, कुटुंबनियोजनाचा प्रचार करणारा वेगळा. खेड्यातील माणसाने त्यांची नावेही तशीच पाडली: देवी डॉक्टर, मलेरियावाला. प्रत्येकाला त्याच्या एका कामाचे थोडक्या दिवसांचे शिक्षण मिळालेले असे आणि दुसऱ्या कामाशी त्याचा संबंध नसे, त्यामुळे फणफणलेल्या मुलाला घेऊन दारात उभ्या राहिलेल्या आईला तो एवढेच सांगू शके की हे आपले खाते नव्हे. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने ही सर्व कामे एकत्र करून बहुउद्देशीय कर्मचारी नेमण्याची शिफारस केली. महाराष्ट्रातील आरोग्य सेवक आणि आरोग्य सेविका ही पदे त्या विचाराचीच फळे होत.

आरोग्य सेविका म्हणजे पूर्वीची सहायक परिचारिका प्रसविका, लोकांच्या तोंडी नर्सबाई किंवा सिस्टर. हा अभ्यासक्रम १९५० च्या दशकाच्या आरंभी देशात सुरू झाला. पूर्ण परिचारिकेपेक्षा कमी काळात तयार होणारी, पण बाळंतपण आणि प्रथमोपचार जाणणारी स्त्री खेड्यांना पुरवणे हा त्यामागील हेतू होता. आधी दोन वर्षांचा असलेला हा अभ्यासक्रम १९७७ च्या सुमारास दीड वर्षावर आणला गेला, आणि पुढे पुन्हा दोन वर्षांचा झाला. अभ्यासक्रमाच्या या आक्रसण्या-पसरण्यात खेड्याला नेमकी कशी नर्स हवी याविषयीचे धोरणकर्त्यांचे दोलायमान मन दिसते. सपाट प्रदेशात पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष ठरला. नर्सबाईला सरकारी पगार होता, सेवापुस्तिका होती, निवृत्तिवेतन होते. या लेखातील स्त्रियांपैकी कामाचे मोल पूर्ण अर्थाने पगाराच्या रूपात मिळवणारी तीच पहिली. मात्र तिची जडणघडण शहरातील रुग्णालयात झालेली असे आणि तिला काम करायचे असे ते वीज नसलेल्या उपकेंद्रात. परगावची एकटी बाई, भाड्याची खोली, पावसाळ्यात तुटणारी वाट आणि रात्री-अपरात्री ठोठावले जाणारे दार या गोष्टींसाठी तिच्या अभ्यासक्रमात धडा नव्हता.

म्हणूनच बाळंतपणे बरीच वर्षे सुईणीकडेच राहिली आणि सरकारला सुईणीकडे वळावे लागले. १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेत दाई प्रशिक्षणाला मोठे स्थान मिळाले. तीस दिवसांचे हे प्रशिक्षण प्राथमिक आरोग्य केंद्रावर किंवा उपकेंद्रावर होई; आठवड्यातले काही दिवस शिकवणी आणि उरलेले दिवस नर्सबाईबरोबर गावात फिरणे अशी त्याची आखणी होती; प्रशिक्षणकाळात तीनशे रुपये विद्यावेतन मिळे, शेवटी प्रमाणपत्र आणि सुटकेचे साहित्य असलेली पेटी हाती पडे. शिकवणीचा गाभा पाच स्वच्छतांचा होता: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नाळ कापायला स्वच्छ पाते, बांधायला स्वच्छ दोरा, आणि नाळेच्या जखमेवर काहीही न लावणे. हा अभ्यासक्रम साधा दिसला तरी विचारपूर्वक केलेला होता, कारण त्याने सुईणीच्या ज्ञानात नेमकी जी उणीव होती तिच्यावरच बोट ठेवले, आणि निरक्षर स्त्रीला तो पाठ होऊ शकत होता. गर्भवती मातांना धनुर्वाताची लस देण्याच्या मोहिमेची त्याला जोड मिळाली, आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताला आळा घालण्यात या दोहोंचा वाटा होता.

तथापि या प्रशिक्षणात एक मूलभूत दोष राहिला. सुईणीला शिकवले गेले, पण तिला विचारले गेले नाही. शेकाचे, मालिशीचे, बाळंतिणीला धीर देण्याचे तिचे जे ज्ञान होते त्याची नोंद प्रशिक्षण देणाऱ्यांनी घेतली नाही. तीस दिवस ती ऐकत राहिली. नोंदवलेल्या बाळंतपणामागे तिला जी लहानशी रक्कम देय होती ती तिच्या ओटीची जागा घेऊ शकली नाही, आणि ओटीही आटत गेली, कारण आता तिला सरकारकडून मिळते असे घरचे म्हणू लागले. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कुशल प्रसूतिसेविकेची जी व्याख्या केली तिच्यातून पारंपरिक दाई, प्रशिक्षित असली तरी, वगळली गेली, आणि पुढच्याच वर्षी देशाचे सारे धोरण रुग्णालयातील बाळंतपणाकडे वळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये सुमारे ६५ टक्के बाळंतपणे संस्थांमध्ये होत होती, ती २०१९-२१ मध्ये सुमारे ९५ टक्के झाली. माता आणि बाळांच्या दृष्टीने हा बदल हितकारकच होता. पण एका पिढीपूर्वी प्रमाणपत्र देऊन गौरवलेली स्त्री त्यात एकही शब्द न बोलता बाद झाली, हेही त्याच इतिहासाचे पान आहे.

१९७७ मध्येच, २ ऑक्टोबरला, आणखी एक योजना सुरू झाली होती. गावाने निवडलेल्या व्यक्तीला तीन महिने शिकवून, महिना पन्नास रुपये मानधन आणि थोडी औषधे देऊन आरोग्य रक्षक नेमण्याची ती योजना होती. निवडीत पुरुषांचा आणि गावपुढाऱ्यांच्या वशिल्याचा वरचष्मा राहिला आणि योजना मागे पडली. तिच्याकडून दोन गोष्टी मात्र पुढे चालत आल्या. एक म्हणजे आरोग्यसेवक गावचाच असावा हा विचार, आणि दुसरी म्हणजे मानधन हा शब्द.

मानधन या शब्दाची घडण चतुर आहे. त्यात मान आधी येतो आणि धन नंतर. जणू मान दिल्यामुळे धन कमी दिले तरी चालेल. वेतन घेणारा कर्मचारी असतो, मानधन घेणारा स्वयंसेवक. कर्मचाऱ्याला कायदे लागू होतात, स्वयंसेवकाला आभार. हा शब्द ज्या योजनेमुळे महाराष्ट्राच्या गावोगावी रूढ झाला ती अंगणवाडीची, आणि तिचे मूळ मराठी मातीतले आहे. ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये गिजुभाई बधेका यांच्यासह नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले, आणि अनुताई वाघ यांच्या साथीने ते १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, या त्यांच्या साध्या विचारातून अंगणवाडी हे नाव आणि रूप घडले. कोसबाडचे खरे वैशिष्ट्य तेथील शिक्षिका कशी तयार होई यात होते: शंख-शिंपले, बिया, पाने, माती यांतून साहित्य बनवणे, आदिवासी मुलांच्या बोलीशी जुळवून घेणे, आणि मुलांना आंघोळ घालण्यापासून गाणे म्हणण्यापर्यंत सगळे स्वतः करणे. ते प्रशिक्षण पुस्तकी नव्हते आणि घाईचे तर मुळीच नव्हते.

मराठवाड्याच्या संदर्भात दुसरे एक मूळ १९७२ च्या दुष्काळात सापडते. खडी फोडण्याच्या आणि तलावांच्या कामांवर आया दिवसभर राबत, त्यांची मुले कामाच्या कडेला झोळीत किंवा झाडाखाली असत, आणि सुकडी हा पौष्टिक आहार त्या काळात घराघरात माहीत झाला. लहान मुलांचे पोषण ही सार्वजनिक जबाबदारी आहे हे शासनाला आणि लोकांनाही तेव्हा पटले. पुढे रोजगार हमीच्या कायद्याने कामावरील मुलांसाठी पाळणाघराची तरतूद केली; ती मुले सांभाळायला कामावरचीच एखादी थकलेली बाई बसवली जाई, आणि त्यासाठी काही शिकावे लागते असे कोणाला वाटत नसे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रात मेळघाटातील धारणी तिच्या आरंभीच्या प्रकल्पांपैकी होते. मराठवाड्यातील तालुक्यांपर्यंत ती टप्प्याटप्प्याने आली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर ती सर्व वस्त्यांपर्यंत नेणे शासनाला भाग पडले, त्यामुळे हिंगोलीच्या तांड्यांवर मिनी अंगणवाड्याही निघाल्या. प्रारंभी सेविकेला मॅट्रिक असल्यास महिना १५० आणि नसल्यास १०० रुपये मानधन होते. तिचे प्रशिक्षण आधी काही महिन्यांचे होते. सेविकांची संख्या वाढत गेली तसे ते आठवड्यांवर आले, आणि अलीकडे त्यातला मोठा भाग मोबाइलवरील नोंदी कशा भराव्यात यात खर्ची पडतो. कोसबाडला जे काम मुख्यतः शिकवण्याचे होते, ते योजनेत शिजवणे, वजन करणे, वाटप करणे आणि रजिस्टर लिहिणे यांत विखुरले. नाव ताराबाईंचे राहिले, अभ्यासक्रम मात्र त्यांचा राहिला नाही.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाची कथा उलट्या टोकाची आहे. तेथे प्रशिक्षण पुढे अति झाले. स्वातंत्र्यानंतर आधी नेमणूक आणि मग प्रशिक्षण असा क्रम होता, कारण एकशिक्षकी शाळा वेगाने उघडत होत्या आणि शिकलेली माणसे थोडी होती. डी.एड. ही दोन वर्षांची पदविका खेड्यातील हुशार मुलामुलींसाठी नोकरीचा हमखास रस्ता बनली. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली, म्हणजे पहिली तीन वर्षे पगाराऐवजी तीन हजार रुपये मानधन. शाळेतही तो शब्द शिरला. याच सुमारास तांड्या-वाड्यांवर वस्तीशाळा निघाल्या आणि त्यांत स्थानिक तरुण किरकोळ मानधनावर शिकवू लागले. त्यानंतर डी.एड. विद्यालयांचे अमाप पीक आले आणि २०१० नंतर भरतीच थांबल्याने पदविका घेतलेल्यांची एक पिढी शेतावर, दुकानात आणि शिकवणीवर्गांत पांगली. एकीकडे जास्त शिकवून काम न देणे आणि दुसरीकडे काम देऊन पुरते न शिकवणे, हे दोन्ही एकाच जिल्ह्यात, बऱ्याचदा एकाच घरात, एकाच वेळी चालू होते.

औपचारिक व्यवसायशिक्षणाने या क्षेत्राकडे उशिरा पाहिले. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय, १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून आल्या आणि त्यांचा भर जोडारी, वीजतंत्री, तारतंत्री अशा व्यवसायांवर राहिला. महाराष्ट्रात १९८० च्या दशकाच्या अखेरीस अकरावी-बारावीच्या पातळीवर किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम सुरू झाले. त्यांत वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि पाळणाघर व पूर्वप्राथमिक शाळा व्यवस्थापन यांसारखे विषयही होते. पण पाळणाघराचा अभ्यासक्रम शिकलेल्या मुलीसाठी खेड्यात पाळणाघर नव्हते, आणि अंगणवाडीच्या निवडीत हा अभ्यासक्रम अनिवार्य नव्हता. लोखंड कापण्याला दोन वर्षांचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागते असे मानणाऱ्या व्यवस्थेने सहा वर्षांखालील मुलांच्या शिक्षणाला काही आठवडे पुरेसे मानले, याची कारणमीमांसा तंत्रशिक्षणाच्या इतिहासात सापडणार नाही. ती सुईणीच्या ओटीत सापडते. बायकांना जे उपजतच येते असे गृहीत धरले जाते, त्याला कौशल्य म्हणण्याची समाजाची तयारी नसते.

१९९९ मध्ये जिल्हा झाल्यामुळे जिल्हा परिषद, जिल्हा रुग्णालय आणि त्यांच्याबरोबरची कार्यालये हिंगोलीत आली, पण तोवर मराठवाड्यातील मोठी शिक्षणकेंद्रे इतरत्र स्थिरावली होती: औरंगाबादला १९५६ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आणि १९५८ मध्ये विद्यापीठ, अंबाजोगाईला १९७४ मध्ये आणि नांदेडला १९८८ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय, नांदेडलाच १९९४ मध्ये विद्यापीठ. विभागीय अनुशेष मोजणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये मराठवाड्याचा अनुशेष मांडला तेव्हा हिंगोली हे नाव जिल्हा म्हणून त्या तक्त्यांत असणे शक्यच नव्हते.

नव्या जिल्ह्याच्या वाट्याला सर्वांत मोठ्या संख्येने आलेली नवी सेवाकर्मी म्हणजे आशा. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि हजार लोकसंख्येमागे एक आशा स्वयंसेविका, गावचीच सून, आठवी शिकलेली, असा निकष आला. तिचे पायाभूत प्रशिक्षण तेवीस दिवसांचे, पाच टप्प्यांत विभागलेले. पुढे सहाव्या आणि सातव्या पुस्तिकेत नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचे कौशल्य आले. या पुस्तिकांमागे महाराष्ट्रातीलच दोन प्रयोग उभे होते. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून जामखेडला दलित आणि निरक्षर स्त्रियांमधून ग्राम आरोग्य सेविका घडवल्या. अभय आणि राणी बंग यांच्या गडचिरोलीतील सर्च संस्थेने गावातील आरोग्यदूतांना नवजात बाळाचा श्वास मोजणे, वजन घेणे आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे शिकवले, आणि त्यामुळे बालमृत्यू किती घटले हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले. जामखेडच्या सेविका प्रशिक्षणासाठी दर आठवड्याला केंद्रावर येत आणि हा क्रम वर्षानुवर्षे चाले. जे शिकले ते गावात करून पाहायचे आणि पुढच्या आठवड्यात त्याची चर्चा करायची. आशाच्या योजनेने पुस्तिका घेतल्या, निवडीचे तत्त्व घेतले, पण शिकण्याचा तो संथ, न संपणारा क्रम सरकारी वेळापत्रकात बसला नाही.

हिंगोलीत या कामाची एक खास अडचण आहे. कळमनुरी आणि औंढा भागांत आंध या आदिवासी समाजाची गावे आहेत, अनेक ठिकाणी बंजारा तांडे आहेत जेथे घरात गोरमाटी बोलली जाते, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. गर्भवतीची नोंद गावात, तिचे सातवे-आठवे महिने उसाच्या फडात आणि बाळंतपण तिसऱ्याच जिल्ह्यात, अशी स्थिती असताना आशाला यादी जुळवावी लागते आणि अंगणवाडीसेविकेला परत आलेल्या मुलाचे वजन नव्याने सुरू करावे लागते. प्रमाण मराठीतील पुस्तिका या परिस्थितीविषयी फारसे बोलत नाही. तिच्यातून वाट काढण्याचे जे शहाणपण या स्त्रियांनी कमावले आहे ते कोणत्याही अभ्यासक्रमात नोंदलेले नाही, अगदी सुईणीच्या शेकासारखे.

आशाला मानधनही नव्हते. तिच्यासाठी मोबदला हा शब्द आला: नोंदणीला इतके, लसीकरणाला इतके, बाळंतपणासाठी सोबत गेल्यास इतके. कामागणिक पैसे देण्याची ही रीत सुईणीच्या रीतीपेक्षा मुळात वेगळी नाही. देणाऱ्याची जागा घरधन्याऐवजी शासनाने घेतली, इतकेच. या व्यवस्थेतील विसंगती २०१८ च्या मार्चमध्ये उघडी पडली. महाराष्ट्र शासनाने अंगणवाडी सेविकांना मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवा चालू ठेवण्यासाठी संपावर बंदी घालणारा कायदा, लावला, आणि विधिमंडळातील गदारोळानंतर त्याला स्थगिती द्यावी लागली. संप करू नये इतपत ज्यांची सेवा अत्यावश्यक होती, त्या कर्मचारी मात्र नव्हत्या. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका खटल्यात अंगणवाडी सेविका आणि मदतनीस उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र असल्याचा निर्णय दिला आणि त्यांना मिळणारे मानधन हे वेतनच असल्याचे मानले. पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक सन्मान केला. त्यानंतरही ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातील अंगणवाडी सेविका पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले आणि त्यांत हिंगोलीचे महाविद्यालय होते. छावणी उठल्याला तेव्हा सव्वाशे वर्षे होत आली होती. जिल्ह्यात डॉक्टर घडवण्याची सोय झाली. अंगणवाडी सेविका, आशा आणि मदतनीस यांना मात्र अजूनही मानधन आणि मोबदला याच शब्दांनी पैसे मिळतात.